मुलाखतीचं इंग्रजी : आधी तुमचं क्रियापद शोधा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, 'मुलाखतीच्या इंग्रजीत काही अडत असेल तर कळवा.' पत्रांचा गठ्ठा आला. २२ वर्षं मी मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसले, आता मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना शिकवते. त्यामुळे ही पत्रं वाचताना दोन्ही बाजू दिसत होत्या. जी अडचण पुष्कळांनी लिहिली आहे, ती इथे घेतली आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, ती मोठ्यानं वाचा. नुसतं डोळ्यांनी वाचलेलं वाक्य ऐन वेळी तोंडात येत नाही.

प्रश्न : मॅडम, मी ३ वर्षं स्टोअर विभागात काम केलं आहे. 'टेल मी अबाउट युअरसेल्फ' याचं उत्तर मी पाठ केलंय. 'मायसेल्फ...' असं म्हणून नाव सांगतो, मग 'डायनॅमिक', 'हार्डवर्किंग', 'रिझल्ट ओरिएंटेड' असे शब्द येतात. दोन ठिकाणी मला मध्येच थांबवलं. अजून कोणते चांगले शब्द घालू?

शब्द घालू नका, काढा. तुम्ही लिहिलेले तिन्ही शब्द विशेषणं आहेत, आणि विशेषणं आम्हाला दिवसभरात प्रत्येक उमेदवाराकडून ऐकायला मिळतात. ती खरी की खोटी हे ठरवायला आमच्याकडे काहीच नसतं. क्रियापदाचं तसं नाही. 'आय चेक्ड' म्हणालात की आम्ही लगेच विचारतो, काय तपासलंत, कशाशी ताडून पाहिलंत, चूक सापडल्यावर काय केलंत. तिथून बोलणं सुरू होतं.

एक उमेदवार मला अजून आठवतो. गोदामातल्या कामाचा अनुभव होता, अर्ज नीटनेटका होता. आत आला, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला आणि 'आय ॲम अ डायनॅमिक अँड सेल्फ-मोटिव्हेटेड प्रोफेशनल' असं सुरू केलं. तिसऱ्या वाक्याला अडखळला. थांबला. आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. पाठ केलेलं मधूनच उचलता येत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी त्याला थांबवलं आणि साध्या इंग्रजीत विचारलं, सकाळी कामावर आल्यावर पहिली गोष्ट काय करता? तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, 'आय ओपन द रजिस्टर. आय काउंट द बॉक्सेस. इफ द काउंट इज राँग, आय डोन्ट साइन.'

इतकंच. तीन लहान वाक्यं, सगळी चौथीच्या पुस्तकातल्या शब्दांची. पण माझ्या शेजारी बसलेल्या हिशेब विभागाच्या प्रमुखांनी, जे तोवर अर्जच चाळत होते, पेन उचललं. 'आकडा जुळला नाही तर मी सही करत नाही' हे ऐकल्यावर त्या माणसाविषयी त्यांना जे कळायचं ते कळलं होतं. पुढची २० मिनिटं तो त्याच इंग्रजीत बोलला, काळ दोनचार वेळा चुकला, आणि त्याची निवड झाली.

आता तुमचं उत्तर. 'मायसेल्फ' पहिलं काढा. तो शब्द वाक्याच्या कर्त्याच्या जागी बसत नाही. 'आय टॉट मायसेल्फ टायपिंग', म्हणजे टायपिंग माझं मीच शिकलो, अशा ठिकाणी तो येतो. नाव सांगायला 'आय ॲम' किंवा 'माय नेम इज' पुरतं. मग सध्या काय करता, त्याआधी काय करत होता, आणि इथे अर्ज का केला, एवढंच. वडील काय करतात, भावंडं किती, हे त्या प्रश्नात विचारलेलं नसतं. स्टोअरच्या माणसाकडे क्रियापदांची काही कमी नाही: माल येतो तेव्हा 'रिसीव्ह', मोजता तेव्हा 'काउंट', देता तेव्हा 'इश्यू', नोंदवता तेव्हा 'रेकॉर्ड'. 'आय चेक्ड इनकमिंग मटेरियल अगेन्स्ट द पर्चेस ऑर्डर' हे एक वाक्य तुमच्या त्या सगळ्या विशेषणांपेक्षा जास्त सांगतं.

आणि एक खास आपली अडचण. मराठीत 'मी केलं, मी केलं' म्हणणं बढाईसारखं वाटतं, म्हणून आपण 'आम्ही केलं' म्हणतो, नाहीतर 'करण्यात आलं' म्हणून कर्ताच गाळतो. तीच सवय इंग्रजीत जाते आणि 'वुई डिड', 'इट वॉज डन' सुरू होतं. पॅनेलच्या हातात प्रत्येक उमेदवाराचा एक तक्ता असतो, त्यात 'या व्यक्तीनं काय केलं' हे लिहायचं असतं. 'वुई'चं त्यात काहीच लिहिता येत नाही. बढाई न मारता स्वतःचं काम सांगायचं असेल तर मी एक वाक्य सगळ्यांना देते: 'वुई वेअर अ टीम ऑफ फोर. माय पार्ट वॉज...' पुढे तुमचं काम. सहकाऱ्यांचं श्रेय राहतं आणि तुमचा वाटाही दिसतो.

प्रश्न : 'आय ॲम वर्किंग हिअर फ्रॉम फाइव्ह इयर्स' हे वाक्य चूक आहे असं मैत्रीण म्हणते. नेमकं काय चुकलं?

तुमची मैत्रीण बरोबर आहे, आणि चुकीचं मूळ 'पासून' या शब्दात आहे. मराठीत '२०१९ पासून' आणि '५ वर्षांपासून' दोन्हीकडे एकच शब्द चालतो. इंग्रजी तिथे दोन वाटा करतं. सुरुवातीची वेळ सांगायची तर 'सिन्स': 'सिन्स २०१९'. किती काळ गेला हे सांगायचं तर 'फॉर': 'फॉर फाइव्ह इयर्स'. काळ सांगताना 'फ्रॉम' आलं की बहुतेक वेळा पुढे 'टु' येतं, 'फ्रॉम २०१६ टु २०१९'.

क्रियापद 'हॅव बीन वर्किंग'. इथे जरा थांबा, कारण हा नुसता व्याकरणाचा मुद्दा नाही. 'आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे तुम्ही अजून तिथेच आहात. 'आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे ती नोकरी सुटली. पॅनेलचा पुढचा प्रश्न यावरच ठरतो: पहिल्या वाक्यानंतर 'नोटीस पिरियड किती', दुसऱ्यानंतर 'का सोडलीत'. चुकीचा काळ वापरून नको त्या प्रश्नात अडकलेले उमेदवार मी खूप पाहिलेत.

प्रश्न : सोबत शब्दांची यादी पाठवत आहे. रोज ऐकतो आणि वापरतो. यातलं काय टाळावं? पास आउट, डाउट, गेव्ह अ‍ॅन इंटरव्ह्यू, फ्रेशर, प्रीपोन, डू द नीडफुल, सीटीसी.

यादीतला सगळ्यात घातक शब्द 'डाउट'. आपण शंका विचारतो, आणि शंका म्हणजे प्रश्नच. पण इंग्रजीत 'आय हॅव अ डाउट' म्हणालात तर समोरच्याला ऐकू येतं की तुमचा त्याच्या बोलण्यावर विश्वास नाही. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा.

'मुलाखत दिली' हे मराठीत उमेदवारच म्हणतो. इंग्रजीत 'गेव्ह अ‍ॅन इंटरव्ह्यू' म्हणजे एखाद्या प्रसिद्ध माणसानं वार्ताहराला मुलाखत दिली. तुम्ही 'आय हॅड अ‍ॅन इंटरव्ह्यू' म्हणायचं. परीक्षेचंही तसंच: आपण परीक्षा देतो, इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो.

'पास आउट' म्हणजे बेशुद्ध पडणं. लष्करी प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांच्या संचलनाला 'पासिंग आउट परेड' म्हणतात, तेवढा अर्थ वेगळा. पदवी मिळाली तर 'आय ग्रॅज्युएटेड इन २०२१'.

'फ्रेशर' (पहिलीच नोकरी शोधणारा) आणि 'सीटीसी' ('कॉस्ट टु कंपनी', म्हणजे कंपनीचा तुमच्यावर होणारा वर्षाचा एकूण खर्च) भारतात सर्रास कळतात, भारतीय कंपनीत बेलाशक वापरा. पॅनेल परदेशातलं असेल तर मात्र सांभाळा. ब्रिटनमध्ये 'फ्रेशर' म्हणजे विद्यापीठाच्या पहिल्या वर्षात नुकता आलेला विद्यार्थी. तिथे 'आय ॲम अ रीसेंट ग्रॅज्युएट' म्हणावं. 'सीटीसी'च्या जागी साधं 'सॅलरी'. 'प्रीपोन', म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, त्यामुळे चूक म्हणता येणार नाही, पण भारताबाहेर अनेकांना तो कळत नाही. 'ब्रिंग फॉरवर्ड' सगळीकडे चालतं. 'डू द नीडफुल', म्हणजे 'आवश्यक ते करा', ही इंग्रजांच्या जुन्या पत्रव्यवहाराची भाषा, आपल्याकडे टिकली, त्यांच्याकडे जवळपास गेली. नेमकं काय करायचं आहे ते सांगितलं की तिची गरजच पडत नाही.

प्रश्न : ताई, मुलाखतीत 'सर' किती वेळा म्हणावं? नाही म्हटलं तर उद्धट वाटेन अशी भीती वाटते.

तुमची भीती मला पूर्ण समजते, कारण मराठीत आदर क्रियापदाला चिकटलेला असतो. 'सांग' आणि 'सांगाल का' यांत 'सर' न म्हणताही फरक ऐकू येतो. इंग्रजी क्रियापदाला तशी सोय नाही, 'यू' सगळ्यांना एकच. म्हणून आपण तो आदर 'सर'मध्ये भरायला जातो आणि दर वाक्याच्या शेवटी 'सर' येतं. ऐकणाऱ्याचं लक्ष मग उत्तरावरून उडतं.

इंग्रजीचा आदर 'कुड' आणि 'वुड' यांत आहे. प्रश्न ऐकू आला नाही तर 'व्हॉट?' नको, 'सॉरी, कुड यू रिपीट दॅट, प्लीज?' म्हणा. प्रश्न कळला नाही तर 'कुड यू टेल मी व्हॉट यू मीन बाय...' आणि पुढे तो न कळलेला शब्द. इंग्रजीत भूतकाळानंही नम्रता येते: 'आय वॉन्ट टु आस्क'पेक्षा 'आय वॉन्टेड टु आस्क' मऊ लागतं. मराठीत आपणही 'जरा विचारायचं होतं' असंच म्हणतो, विचारायचं आत्ताच असतं तरी. ही एक गोष्ट दोन्ही भाषांत सारखी आहे, तिचा फायदा घ्या. 'सर' किंवा 'मॅम' आत जाताना आणि निघताना म्हटलं तरी पुरे.

प्रश्न : माझे उच्चार मराठी वळणाचे आहेत. बदलायला हवेत का?

वळण बदलू नका. कोणाची तरी नक्कल करून बोललेलं इंग्रजी दोन मिनिटांत गळून पडतं. पण अर्थ बदलतो तिथे मात्र मेहनत घ्या. 'करिअर' बोलताना पहिल्या अक्षरावर जोर देऊन 'कॅरिअर' केलंत तर ते सायकलचं कॅरिअर होतं. जोर 'री'वर द्या: क-'री'-अर. 'कॉलीग' म्हणजे सहकारी, त्याचं 'कॉलेज' होऊ देऊ नका. अर्जासोबतच्या बायोडेटाला 'रेझ्युमे' म्हणा. 'रिझ्यूम' म्हणजे थांबलेलं पुन्हा सुरू करणं. आणि 'वर्क', 'वुई' म्हणताना ओठ गोल करा, दात ओठाला लागू देऊ नका. 'व्हेरी' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवा. आरशासमोर 'व्हेरी वेल' दहा वेळा म्हणून पाहा, फरक दिसेल.

प्रश्न : सासूबाईंच्या आजारपणात मी ६ वर्षं घरी होते. आता परत नोकरी शोधते आहे. 'आय वॉज जस्ट अ हाउसवाइफ' म्हणताना आवाज बसतो. हे कसं सांगू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी ते 'जस्ट' खोडून टाका. 'फक्त' हा शब्द तुम्ही स्वतःच स्वतःच्या ६ वर्षांवर ठेवलाय, तो पॅनेलनं ठेवलेला नाही.

इंग्रजीत याला 'करिअर ब्रेक' असा सरळ शब्द आहे, आणि त्यात कमीपणा नाही. 'आय टूक अ करिअर ब्रेक टु केअर फॉर अ फॅमिली मेंबर.' वाक्य भूतकाळात आहे, म्हणजे ते प्रकरण संपलं हेही त्यातच आलं. 'टूक' हे क्रियापद मुद्दाम दिलंय: निर्णय तुमचा होता. आजाराचा तपशील सांगायची गरज नाही. लगेच दुसरं वाक्य वर्तमानात आणा: 'आय ॲम नाऊ रेडी टु वर्क फुल टाइम.' आणि तिसरं, या काळात कामाशी धागा कसा ठेवलात त्याचं. एखादा कोर्स केला असेल, कोणाचे हिशेब लिहिले असतील, नवं सॉफ्टवेअर शिकला असाल, ते सांगा. काहीच केलं नसेल तर पुढच्या महिनाभरात एक गोष्ट शिका आणि 'आय ॲम करंटली लर्निंग' म्हणा, म्हणजे ते खरं असेल. ही तीन वाक्यं सलग म्हणून थांबा. उमेदवार थांबला नाही तर खुलासा वाढत जातो आणि माफी मागितल्यासारखं होतं.

'कँडिडेट' या शब्दाचं मूळ लॅटिन आहे. प्राचीन रोममध्ये पदासाठी उभे राहणारे पांढरा शुभ्र झगा घालून फिरत, त्यावरून तो आला. मोकळेपणानं बोलणारा तो 'कँडिड', हा शब्दही त्याच मुळाचा. तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, म्हणून हे आठवलं.

याच विषयावर आणखी एकानं विचारलंय: कंपनीनं माणसं कमी केली त्यात नोकरी गेली, तर 'फायर्ड' म्हणावं का? मुळीच नाही. 'फायर्ड' म्हणजे तुमची चूक झाली म्हणून काढलं. कपातीत गेली तर 'आय वॉज लेड ऑफ', ब्रिटिश पॅनेलपुढे 'आय वॉज मेड रिडंडंट'. या एका शब्दामुळे विनाकारण संशय ओढवून घेतलेला माणूस मी पाहिला आहे. त्याचा काहीच दोष नव्हता, आणि ते आम्हाला फार उशिरा कळलं.

प्रश्न : एखादी गोष्ट येत नसेल तर काय म्हणावं? आणि 'मला एक्सेल येतं' याचं इंग्रजी काय?

दुसरं आधी. मराठीतलं 'येतं' फार लवचीक आहे. फाइल उघडता येणाऱ्यालाही एक्सेल येतं आणि मोठे अहवाल तयार करणाऱ्यालाही. इंग्रजीत पायरी सांगावी लागते. नुसती ओळख असेल तर 'आय ॲम फॅमिलियर विथ एक्सेल'. रोजचं काम भागतं तर 'आय हॅव अ वर्किंग नॉलेज ऑफ एक्सेल'. हात बसलेला असेल तर 'आय ॲम प्रोफिशियंट इन एक्सेल'. 'एक्सपर्ट' म्हणालात तर पुढचा प्रश्न अवघड येणार हे धरून चाला. माझा सल्ला, खरी पायरीच सांगा. 'वर्किंग नॉलेज' म्हणणाऱ्यानं नीट उत्तर दिलं की आमच्या मनात त्याची किंमत वाढते.

आता न येण्याबद्दल. १९२१ साली थॉमस एडिसन नोकरीसाठी येणाऱ्या पदवीधरांची दीडशेच्या आसपास प्रश्नांची परीक्षा घेत, आणि त्या प्रश्नांची अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत मोठी चर्चा चालली होती. त्याच वर्षी आइन्स्टाइन अमेरिकेत आले असताना त्यांना बॉस्टनमध्ये त्या धर्तीचा प्रश्न विचारला गेला: ध्वनीचा वेग किती? पुस्तकात सहज सापडतं ते मी डोक्यात साठवत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. उमेदवाराला इतकं तोडून बोलता येत नाही, पण उत्तराची घडण घेण्यासारखी आहे. माहीत नाही हे एका वाक्यात, कुठे शोधाल हे पुढच्या वाक्यात. 'आय डोन्ट नो दॅट ऑफहँड. आय वुड चेक द मॅन्युअल फर्स्ट, अँड देन आस्क माय सुपरवायझर.' 'आय वुड'नंतर जे क्रियापद येईल ते खरंखुरं तुमच्या कामातलं असू द्या. 'आय विल ट्राय माय बेस्ट' यात कोणतंच काम नाही.

प्रश्न : शेवटी 'डू यू हॅव एनी क्वेश्चन्स फॉर अस?' असं विचारतात. मी दर वेळी 'नो सर, थँक यू' म्हणते. बरोबर आहे ना?

चूक नाही, पण संधी सोडताय. तिथे पगार-रजांपेक्षा कामाबद्दल विचारा. 'व्हॉट वुड यू एक्स्पेक्ट फ्रॉम मी इन द फर्स्ट थ्री मंथ्स?' हा चांगला प्रश्न आहे. 'हू वुड आय रिपोर्ट टु?' हाही. घरी आल्यावर आभाराचा ईमेल लिहिलात तर 'आय लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू' मध्ये 'हिअर' नाही, 'हिअरिंग' येतं, एवढं पाहा.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला प्रश्न एका मुलीनं विचारला होता, पहिल्याच नोकरीच्या मुलाखतीत: 'व्हॉट डज द पर्सन इन धिस जॉब डू फर्स्ट थिंग इन द मॉर्निंग?' आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. उत्तर आमच्यापैकी एकालाच माहीत होतं.